हौस आणि हिशेब : कुस्कोला दहा दिवसांचे बिऱ्हाड

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेले दोन महिने माझ्या टेबलावर आहे. पत्र चार पानी असले तरी मुद्दा एवढाच : बाईंचे वय बासष्ट, यजमानांचे सदुसष्ट. येत्या एप्रिलात दोघे सहा महिन्यांसाठी अमेरिकेत मुलाकडे जायचे आहेत. शाळेत भूगोल शिकवताना नकाशावर अँडीज पर्वताच्या रांगेवर छडी फिरवता फिरवता बाईंच्या मनात एक गाव बसले, ते पेरू देशातले कुस्को. निवृत्तीनंतर शिकवण्या घेऊन त्यांनी सव्वा लाख रुपये खास बाजूला ठेवले आहेत. मुलगा विमानाचे भाडे द्यायला तयार आहे. पण त्याची अट अशी, की जायचे तर एखाद्या मोठ्या कंपनीच्या सहलीबरोबर आणि चांगल्या हॉटेलात. नाहीतर बेतच सोडा. त्या सहलीचा आकडा बाईंच्या शिलकीच्या तिप्पट आहे. वरचे पैसे मुलगा देईल, पण ते घ्यायचे बाईंच्या मनात नाही. "ही एक गोष्ट मला माझ्या पैशाने करायची आहे, शक्य आहे का ते स्पष्ट सांगा, नसेल तर मी पुन्हा विषय काढणार नाही," असे त्यांनी लिहिले आहे.

अशा पत्राला "अवश्य जा" म्हणून उत्तर देणे सोपे असते आणि "कशाला या वयात" म्हणून देणे त्याहून सोपे. दोन्ही टाळून मी हिशेबच मांडते. वर्षभर या सदरात आपण गॅस, दूध आणि शाळांच्या फिया यांचे हिशेब केले. दिवाळी अंकात एका हौसेचा करायला हरकत नाही.

पैशाच्या आधी उंचीचा हिशेब. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंच आहे. कळसूबाई म्हणजे आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. त्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक कळसूबाई ठेवली, तरी कुस्कोच्या चौकात पोचायला शंभर मीटर कमीच पडतील. ज्यांनी लेह पाहिले आहे त्यांना कल्पना येईल. लेह साधारण याच उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब आपल्या मुंबईच्या दोन तृतीयांश असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला प्राणवायूही तेवढाच कमी. डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही, दहा पायऱ्या चढल्या की धाप लागते. तरुण पैलवानाला हे होते आणि एखाद्या आजीबाईंना होतही नाही; त्यात वयापेक्षा घाईचा दोष अधिक.

घाई कशी होते तेही सांगते. लिमा ही पेरूची राजधानी समुद्रकाठी आहे. तेथून कुस्कोचे विमान सव्वा-दीड तासात पोचवते. म्हणजे न्याहारी समुद्रकाठी आणि दुपारचे जेवण ३,४०० मीटरवर! शरीराला एवढ्या अवधीत काही उमजत नाही. यावर स्वस्त आणि उत्तम उपाय असा, की कुस्कोच्या विमानतळावर उतरल्यावर गावात बिऱ्हाड मांडायचेच नाही. सरळ टॅक्सी करून खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात जायचे. या खोऱ्याला तिकडे 'पवित्र खोरे' म्हणतात. उरुबांबा गाव सुमारे २,८७० मीटरवर आणि ओयांतायतांबो त्याहून थोडे खाली आहे. माचू पिचू तर २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोहून जवळजवळ हजार मीटर खाली. पुष्कळांची समजूत याच्या उलट असते. तेव्हा आधी खालचे पाहावे, चार-पाच दिवसांत शरीर रुळले की वर कुस्कोला यावे. या क्रमाला एक पैसाही जादा पडत नाही. उलट खोऱ्यातल्या लहान गावांत खोल्या स्वस्तच मिळतात.

यजमान रक्तदाबाच्या गोळ्या घेतात, असे पत्रात आहे. तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे जाऊन "इतक्या इतक्या उंचीवर दहा दिवस राहणार" असे आकड्यासह सांगावे. उंचीच्या त्रासावर ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी आहे. पण ती कोणी घ्यावी, कोणी नाही, हे डॉक्टरच ठरवतील, शेजारचे जोशीकाका नव्हेत. डॉक्टर नको म्हणाले तर जाऊ नये. तेथे हट्ट उपयोगाचा नाही. त्यांनी होकार दिला, तर पहिले दोन दिवस नुसते बसायचे, पाणी पीत राहायचे, हलके जेवायचे आणि झोपेच्या गोळीला शिवायचे नाही. बसल्या जागी धाप लागू लागली, खोकला थांबेना, बोलणे असंबद्ध झाले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठायचा आणि खाली उतरायचे. प्रवासाच्या विम्यात एवढ्या उंचीवरचे आजारपण धरले आहे ना, हे विमा घेतानाच वाचून पाहावे. विम्यात काटकसर करू नये. बाकी कुठेही करावी.

आता लस. ही गोष्ट चांगल्या चांगल्या प्रवाशांच्या ध्यानात येत नाही. कुस्को आणि माचू पिचू या भागात पीतज्वराचा धोका नाही. पण पेरूच्या जंगलभागात तो आहे, म्हणून आपले सरकार साऱ्या पेरू देशाला पीतज्वराचा देश मानते. अशा देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याला लस टोचल्याचा दाखला दाखवावा लागतो, आणि नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावे लागते. साठीनंतर ही लस घेण्यात जोखीम थोडी अधिक असते. म्हणून वयस्क मंडळींनी ती सहज जाता जाता टोचून घेऊ नये. या दांपत्यापुढे सुदैवाने सोपी वाट आहे. कुस्को आधी उरकून पुन्हा मुलाकडे जावे आणि पुढचे दोन-तीन महिने तेथे राहूनच भारतात परतावे. सहा दिवसांचा प्रश्नच उरत नाही. जे कोणी लिमाहून थेट घरी येणार असतील, त्यांनी मात्र डॉक्टरांचा सल्ला घेऊन निघण्यापूर्वी निदान दहा दिवस लस घ्यावी आणि पिवळे पुस्तक पासपोर्टाला बांधून ठेवावे.

परवान्याचीही अशीच सोय आहे. अमेरिकेचा, ब्रिटनचा, कॅनडाचा, ऑस्ट्रेलियाचा किंवा युरोपातला शेंगेन व्हिसा ज्या भारतीयाजवळ आहे आणि त्याची मुदत निदान सहा महिने उरली आहे, त्याला २०१७ सालापासून पेरूचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. बाईंजवळ अमेरिकेचा व्हिसा आहेच. तो अनेकदा ये-जा करण्याचा आहे ना, एवढे पाहावे; नाहीतर पेरूला जाल आणि मुलाकडे परत जाता येणार नाही. नियम बदलत असतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी पेरूच्या दिल्लीतल्या वकिलातीकडे एकवार विचारून घ्यावे.

जावे केव्हा? तिकडचे ऋतू आपल्या उलट. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा कुस्कोला कोरडा हिवाळा असतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पाऊस, त्यातही जानेवारी-फेब्रुवारी धो धो. मे ते सप्टेंबर कोरडे. जून, जुलै, ऑगस्टमध्ये जगभरचे प्रवासी लोटतात, आणि २४ जूनला 'इंती राय्मी' हा सूर्योत्सव असतो, त्या आठवड्यात खोलीचे भाडे विचारूच नये. मे महिना मला सर्वांत पसंत. पाऊस सरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, आणि भाडी चढलेली नसतात. एप्रिलात मुलाकडे पोचून थोडी विश्रांती घेतली की मे येतोच.

खोलीकडे वळू. कुस्कोचे जुने घर म्हणजे अगदी आपला वाडा. मधे फरसबंदी चौक, चारी बाजूंना सोपे, वर लाकडी कठड्याचा मजला. अशा वाड्यांतून पुष्कळ घरगुती उतारशाळा चालतात. त्यांना 'ओस्पेदाखे' म्हणतात. स्वतंत्र न्हाणीघरासह दोघांची साधी, स्वच्छ खोली ८० ते १०० सोलांत मिळू शकते आणि बहुधा सकाळचा पाव, लोणी, चहा त्यातच येतो. सोल हे तिकडचे नाणे. २०२५ सालच्या भावाने एक सोल म्हणजे सुमारे २५ रुपये, असे हिशेबापुरते धरते. प्रत्यक्ष भाव निघताना पाहावा.

येथे एक मोह असतो, तो सान ब्लास या पेठेचा. पांढऱ्या भिंती, निळी दारे, कारागिरांची दुकाने. चित्रात पाहिले की तेथेच राहावेसे वाटते, आणि जितके वर चढावे तितकी खोली स्वस्त होत जाते. पण ती पेठ चढणीवर आहे. रोज दोनदा शंभर-दीडशे पायऱ्या, त्याही या हवेत! वीस सोल वाचवून वर खोली घ्यायची, आणि संध्याकाळी पाय बोलू लागले की दहा-दहा सोल टॅक्सीला द्यायचे. यात बचत कोणती? सान ब्लास दिवसा पाहून यावे. राहायला सपाटीवरचा भाग बरा : सान पेद्रो बाजाराच्या आसपास, एल सोल या हमरस्त्याच्या गल्ल्यांत, किंवा थोडे लांब वांचाक भागात.

खोली ठरवण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारावे. रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? गरम पाणी दिवसभर असते की ठराविक वेळी? खोलीला ऊन येते का? पांघरुणे जादा मिळतील का? शेवटचे दोन प्रश्न मामुली समजू नये. जून-जुलैत रात्री पारा शून्यापर्यंत उतरतो, मे महिन्यातही हुडहुडी भरते, आणि स्वस्त खोल्यांतून शेगडी वा हीटर नसतो. तळमजल्याची खोली दिवसभर गार राहते. वरच्या मजल्याची उन्हाने थोडी तापते. आपली गरम पाण्याची रबरी पिशवी, कानटोपी आणि लोकरीचे पायमोजे ही तीन अस्त्रे बरोबर असली की हीटरचे भाडे वाचते. दिवसा याच्या उलट ऊन चटका देते. उंचीवर ते फार कडक असते, तेव्हा रुंद काठाची टोपी हवी.

आणखी एक पैशाची बाब. परदेशी प्रवाशाला हॉटेलच्या भाड्यावरचा १८ टक्के कर पेरूत माफ आहे. त्यासाठी पासपोर्ट आणि देशात प्रवेश केल्याची नोंद दाखवावी लागते. नोंदलेल्या हॉटेलांना हे माहीत असते, पण आपण होऊन सगळेच सांगतात असे नाही. पावती हाती आली की कराचा रकाना पाहावा. आपल्याला वाण्याची यादी तपासायची सवय आहेच.

खाण्याची चिंता शाकाहारी घरांना सर्वांत जास्त. बाईही त्यातल्याच. त्यांना मी एक गंमत सांगते. आपल्या एकादशीच्या ताटाकडे नीट पाहा. बटाटा अँडीजमधला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावाही तिकडचाच, रताळेही अमेरिकेचेच. राजगिऱ्याचा सख्खा भाऊ 'किविचा' या नावाने कुस्कोच्या बाजारात ढिगाने मिळतो आणि त्याच्या लाह्यांची गोड वडीही मिळते, आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीसारखी. हिरवी मिरचीदेखील अमेरिकेतूनच पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली आणि 'बटाटा' हा शब्दही त्यांच्याच तोंडचा. ज्या देशाच्या जमिनीवर आपला उपास उभा आहे, त्या देशात उपाशी राहायची वेळ कशाला येईल? (फळाच्या पेरूचा मात्र या देशाशी संबंध लावू नये. ते नाव पोर्तुगीजांच्या 'पेरा'वरून आले, असे मानतात.)

तरी सावधपणा हवा. दुपारी लहान खाणावळीतून 'मेनू देल दिया' म्हणून ठराविक जेवण मिळते. आधी सूप, मग एक मुख्य पदार्थ, एखादे सरबत. दहा ते पंधरा सोलांत पोट भरते. पण तिकडच्या सुपाचे पाणी बहुतेक कोंबडीचे असते, वर भाजीचे तुकडे तरंगत असले तरी. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो", म्हणजे मांस नको, कोंबडी नको, मासे नको, हे तिन्ही वेगवेगळे म्हणावे लागते. कारण कित्येकांच्या लेखी कोंबडी हे 'मांस' नव्हेच! 'कुइ' हा शब्द पाटीवर दिसला की पुढे चालू लागावे. तो गिनीपिग, त्यांची मेजवानी, आपली नव्हे. आपल्याला चालण्यासारखे पुष्कळ आहे. टपोऱ्या दाण्यांचे उकडलेले कणीस आणि ताज्या चीजचा तुकडा, किनोआची खीर वा सूप (पाण्याची चौकशी करून), नाना रंगांचे उकडलेले बटाटे, भात. सोमवारी कित्येक घरांतून आणि खाणावळींतून मसूर शिजतो, तशी तेथे चाल आहे. पण तो निरामिष आहे का हे विचारावेच.

खोलीबरोबर स्वयंपाकघर मिळत असेल तर? पुष्कळ मंडळी कुकर न्यायचा विचार करतात, आणि त्यामागे शास्त्र आहे. या उंचीवर पाणी शंभर अंशांवर नव्हे, ८८-८९ अंशांवरच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ तास तास शिजत नाही. भातही चिवट राहतो. कुकरखेरीज वरण होणे नाही. तरीसुद्धा दहा दिवसांच्या मुक्कामासाठी तीन किलोचे भांडे अर्ध्या पृथ्वीवरून वाहणे मला पटत नाही. महिनाभर राहणार असाल तर न्या. एरवी दुपारी खाणावळ आणि संध्याकाळी पाव, फळे, दही, उकडलेले बटाटे यावर काम भागते. नळाचे पाणी न उकळता पिऊ नये.

सान पेद्रोच्या बाजारात फळांच्या रसाची एक रांगच आहे. तेथे रस प्याल्यावर पेला रिकामा झाला की पुढे करावा आणि "यापा" म्हणावे. भांड्यात उरलेला रस बाई हसत पेल्यात ओततात. 'यापा' हा केचुआ भाषेतला शब्द. आपली भाजीवाली शेवटी वर म्हणून चार काड्या कोथिंबीर टाकते ना, तेच. तो मागताना भीड बाळगू नये. पण घासाघीस मात्र बेताने. गावाकडून पहाटे निघून, पाठीवर पोर बांधून जी बाई विणलेली टोपी विकायला बसते, तिच्याशी दोन सोलांसाठी अर्धा तास हुज्जत घालणे ही काटकसर नव्हे. आपले बजेट छोटे आहे. तिचे त्याहून छोटे.

प्रेक्षणीय स्थळांचे पैसे आता मांडू. कुस्को आणि परिसरातल्या सोळा स्थळांचे मिळून एक सामाईक तिकीट असते, 'बोलेतो तुरिस्तिको'. गेली बरीच वर्षे ते १३० सोलांना आहे आणि दहा दिवस चालते. साक्साय्वामानचा प्रचंड दगडी तट, पिसाक आणि ओयांतायतांबोचे पायऱ्यापायऱ्यांचे मळे त्यात येतात. मुख्य चर्च आणि सूर्यमंदिराच्या जागी उभे असलेले सांतो दोमिंगो यांना निराळे पैसे. या सूर्यमंदिराचे, म्हणजे कोरिकांचाचे पैसे मात्र वाचवू नयेत. १५३३ साली स्पॅनिश फौज कुस्कोत शिरली, मंदिराचे सोने ओरबाडून गेले आणि इंका लोकांच्या भिंतींच्याच बैठकीवर मठ आणि चर्च उभे राहिले. पुढे १९५० च्या मे महिन्यात भूकंप झाला. वरच्या स्पॅनिश बांधकामाची मोठी पडझड झाली. खाली चुन्याचा एक थरही न वापरता दगडाला दगड घासून बसवलेल्या इंकांच्या भिंती जागच्या हलल्या नाहीत, आणि झाकून गेलेला त्यांचा भाग पुन्हा उजेडात आला. ज्यांचे नाव पुसायचे होते त्यांचीच भिंत अशी उघडी पडली! भूगोलाच्या शिक्षिकेने तेथे एक सकाळ घालवावी. आणि फुकट पाहायचे तर आतून रुमियोक या गल्लीतला बारा कोनांचा दगड आहेच. त्याला तिकीट नाही, फक्त हात लावायचा नाही. भूकंपावरून आठवले : तिकडच्या इमारतींतून 'एस' अक्षराची हिरवी पाटी दिसते. भूकंपाच्या वेळी उभे राहायची ती सुरक्षित जागा. खोलीत शिरताना ती पाहून ठेवावी.

माचू पिचूचा दिवस हा साऱ्या बेतातला सर्वांत महाग दिवस. प्रवेश परदेशी माणसाला १५२ सोल. तेथपर्यंत मोटारीचा रस्ता नाही. ओयांतायतांबोहून आगगाडी आहे. पण स्थानिक लोकांची स्वस्त गाडी परक्यांना बंद, आणि प्रवाशांच्या गाडीला जाऊन-येऊन माणशी सव्वाशे-दीडशे डॉलर सहज लागतात. पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस गावातून वर जायची बस जाऊन-येऊन २४ डॉलर. तरुण मंडळी हे सारे वाचवतात. कुस्कोहून सहा-सात तास वळणावळणाच्या रस्त्याने जलविद्युत केंद्रापर्यंत जातात आणि पुढे रुळांच्या कडेने दोन-तीन तास चालतात. कॉलेजातल्या मुलांनी खुशाल जावे. सदुसष्ट वर्षांच्या गृहस्थांना मी हा सल्ला देणार नाही. गाडीने जावे, पायथ्याशी एक रात्र राहावे आणि सकाळच्या बसने वर जावे. तिकीट सरकारी विक्रीतूनच, दोन-तीन महिने आधी आणि पासपोर्टावरच्या नावाप्रमाणे काढावे. वेळ ठरलेली असते आणि आत कोणत्या वाटेने फिरायचे तेही तिकिटावरच ठरते, मागाहून बदलत नाही. पायऱ्यांचा त्रास असेल तर खालच्या भागातला मार्ग निवडावा. आत स्वच्छतागृह नाही. जे काही आहे ते दाराबाहेर आणि एकदा बाहेर आले की पुन्हा प्रवेश नाही. वयस्कांच्या दृष्टीने ही माहिती कोणत्याही ऐतिहासिक माहितीइतकीच मोलाची आहे.

हा घ्या दोघांचा दहा रात्रींचा अंदाज. खोली ९० सोलांप्रमाणे ९०० सोल. जेवणखाण, पाणी, फळे मिळून रोज ७०, म्हणजे ७००. गावातल्या बसगाड्या, टॅक्सी आणि खोऱ्यातली ये-जा २५०. सामाईक तिकिटे दोन, २६०. चर्च, सूर्यमंदिर वगैरे १००. माचू पिचूचा प्रवेश ३०४, आगगाडी सुमारे ९१०, बस सुमारे १७०. बेरीज ३,५९४ होते. औषधपाणी आणि अडीअडचणीला चारशे धरा; ४,००० सोल, म्हणजे एक लाख रुपये. त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक पैसा एकट्या माचू पिचूचा आहे, हे ध्यानात घ्या. उरलेले पंचवीस हजार विमा आणि लिमातल्या मुक्कामासाठी.

लिमातला मुक्काम मी मुद्दाम धरला आहे. पेरूत संप, 'रास्ता रोको' अधूनमधून होतात. डिसेंबर २०२२ मध्ये राजकीय उलथापालथ झाली तेव्हा विमानतळ आणि आगगाड्या बंद पडून प्रवासी अडकले, आणि २०२३ च्या जानेवारीत माचू पिचूच काही आठवडे बंद होते. म्हणून कुस्कोहून निघण्याचा दिवस आणि मुलाकडे परतायचे विमान यांत निदान दोन दिवसांचे अंतर असावे. ते दोन दिवस लिमात समुद्र पाहत काढले तरी वाया गेले असे होत नाही.

मुलाच्या शंकेचेही उत्तर द्यायला हवे. तो काळजीने बोलतो, कंजूषपणाने नव्हे. पण महागडे हॉटेलही ३,४०० मीटरवरच असते. मोठ्या सहली पुष्कळदा पहिल्याच दिवशी कुस्कोत उतरवून दुसऱ्या दिवशी गावदर्शनाला नेतात, कारण त्यांना सहा दिवसांत सारे उरकायचे असते. आपल्या वेगाने, चार दिवस खाली राहून वर चढणारी साधी सहल वयस्कांना अधिक मानवते. त्याच्या समाधानासाठी डॉक्टरांचे लेखी मत, विम्याचा कागद, चारही मुक्कामांचे पत्ते आणि दूरध्वनी त्याच्या हाती द्यावे आणि रोज रात्री एक निरोप पाठवावा. तेवढे त्याला मागायचा हक्क आहे.

किरकोळ सूचना राहिल्या. डॉलरच्या नोटा कोऱ्या न्याव्या. कोपरा फाटलेली नोट तिकडे कोणी घेत नाही. सोलाच्या नोटा घेताना उजेडात पाहाव्या, खोट्या असतात. बाजारात पिशवी पोटाशी धरावी. रात्री टॅक्सी रस्त्यावर हात करून न थांबवता उतारशाळेकडून मागवावी. 'अल्पाका' म्हणून अगदी स्वस्तात मिळणारे स्वेटर बहुधा नायलॉनचे असतात. खरे घ्यायचे तर एकच घ्यावे.

आणि कोकाचा चहा. उतारशाळेत शिरताच हिरव्या पानांचा कढत पेला पुढे येईल. तो तिकडे कायदेशीर आहे, शेकडो वर्षांचा आहे, आणि प्यायला हरकत नाही. तो औषध नव्हे एवढे मात्र लक्षात ठेवावे. पण ती पाने किंवा त्या चहाच्या पुड्या, कितीही सुबक डब्यात असल्या तरी, बरोबर आणू नयेत. अमेरिकेत त्या चालत नाहीत आणि आपल्याकडेही १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यात कोकाचे पान बसते. शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी किविचाच्या वड्या आणाव्या, त्या राजगिऱ्याच्या म्हणून खपतील.